बॅगेच्या तळाशी ठेवलेली बाटली

अंदमानहून परत आलो त्याला आता दीड महिना झाला. आमच्या शाळेतल्या एका बाईंची दोन लहान मुलं आहेत, आणि त्यांनी पुढच्या सुट्टीत तिकडेच जायचं मनात घेतलं आहे. मधल्या सुट्टीत डबा उघडला की त्यांचा प्रश्न ठरलेला. "मॅडम, तुमी लेकरं घेऊन जाऊन आल्या ना, मंग काय न्यायचं, काय नाई, ते एका कागदावर लिहून द्या ना मले."

कागद लिहायला मी तीनदा बसले. यादी तर माझ्याकडे तयारच आहे, शंभर पानी वहीत, लाल पेनाने खुणा केलेली. ती उतरवून दिली असती तर काम दहा मिनिटांचं होतं. पण तिन्ही वेळा पहिल्याच ओळीशी माझा हात थांबला. पहिली ओळ "पाणी" अशी आहे, आणि तिच्याखाली मी पट्टीने दोन रेघा ओढलेल्या आहेत. म्हणून यादीऐवजी हे सगळं लिहिते आहे. बाईंनी वाचावं, आणि ज्यांना लेकरं घेऊन समुद्रापार जायचं आहे त्यांनीही.

मंगरूळपीर : वही

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आसेगावच्या बाजूला. नवरा विलास पंचायत समितीत आहे. मुलगी मैत्री साडेसहा वर्षांची, मुलगा सम्यक दोन वर्षांचा. मैत्रीला सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि अडकतात तिथे असं दुखतं की मोठा माणूसही गडबडा लोळेल. हा आजार आईबाप दोघांकडून मिळून येतो. विलास आणि मी, दोघंही तो अंगात वागवत होतो आणि दोघांनाही पत्ता नव्हता. आमच्यात लग्न ठरवताना कुंडली कोणी पाहत नाही, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण रक्त पाहायला हवं होतं, ते पाहिलं नाही. सम्यक सुटला. तो फक्त वाहक आहे.

समुद्राचं खूळ मैत्रीच्या डोक्यात माझ्याच वर्गात शिरलं. एका शनिवारी तिला सोबत नेलं होतं. भिंतीवरच्या नकाशासमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि उजवीकडच्या निळ्या भागातल्या ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाली, "मम्मी, इथं शाई सांडली काय?" ती बेटं आहेत, तिथे माणसं राहतात, चारी बाजूंनी पाणी असतं, असं मी सांगितलं. "चारी बाजूनं?" तिने विचारलं. आमच्याकडे उन्हाळ्यात आठ दिवसांआड नळ येतो. तिचा विश्वास बसेना.

त्यानंतर वर्षभर दुसरं काही नाही. विलासला खरं तर हिमाचलात जायचं होतं, बर्फ पाहायचा होता. अकोल्याच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी बर्फावर सरळ काट मारली. थंडी नको, उंच डोंगर नको, दमणूक नको. "समुद्र चालेल," ते म्हणाले. "गरम हवा आहे, सपाटी आहे. विमानातही जाऊ द्या. फक्त एक सांगतो, ताई. पाणी. हिला तहान लागायची वाट पाहायची नाही. दर अर्ध्या तासाला पाजायचं, मागो न मागो. तिचं निम्मं औषध तेच आहे."

मी मान डोलावली आणि घरी येऊन वहीत पहिली ओळ लिहिली. दोन रेघाही तेव्हाच ओढल्या.

पुढे चार महिने मी ती वही भरली. दोन वर्षांचं मूल आणि आजारी मूल घेऊन घर सोडायचं म्हणजे निम्मं घर सोबत न्यायचं. मैत्रीची फाइल आणि तिच्या दोन झेरॉक्स, एक माझ्या पर्समध्ये आणि एक विलासच्या. रोजच्या कॅप्सूल, दुखण्याचं औषध, थर्मामीटर. सम्यकची लंगोटं, मच्छरदाणी, भाजलेल्या मुगाचं पीठ, ज्वारीचे पापड म्हणजे धापोडे, शेंगदाण्याची चटणी, कारण तिकडे भाकर मिळणार नाही हे आम्ही गृहीतच धरलं होतं. विमानात कान दुखू नयेत म्हणून चघळायला खडीसाखर. सम्यकची ढकलगाडी. मोबाईलवर पाहून ठरवलेलं हॉटेल, त्याच्यापासून दवाखाना किती लांब ते. विलास हसायचा. "कविता, तू फिराले चालली का शाळा तपासाले?"

बाई, एक सांगून ठेवते. ढकलगाडी नेऊ नका. वाळूत ती एक पाऊलही पुढे जात नाही.

पोर्ट ब्लेअर

नागपूरपासूनच्या विमानांचं काही लिहीत नाही. लेकरं झोपली, उठली, रडली, पुन्हा झोपली. मी घड्याळ लावून मैत्रीला अर्ध्या अर्ध्या तासाला पाणी पाजलं आणि दर तासाला तिला त्या अरुंद संडासात नेलं. विलास म्हणाला, तुमचं दोघींचं विमान तर त्या कोपऱ्यातच चाललं आहे. मला त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. सगळं वहीप्रमाणे चाललं होतं.

गावाचं नाव आता बदललं आहे, पण आमचा गाडीवाला जोसेफ अजून पोर्ट ब्लेअरच म्हणत होता. त्याचे पणजोबा छोटा नागपूरकडून जंगल तोडायला आणलेल्या मजुरांतले. पंचेचाळिशीचा माणूस, बोलायला कमी. मैत्रीने त्याला पहिल्याच तासात विचारलं, "अंकल, आपके यहाँ नल कब आता है?" तो म्हणाला, "बेटी, यहाँ भी रोज नहीं आता." यावर ती माझ्याकडे वळून पाहू लागली, मी तिला फसवलं असल्यासारखी.

तिथे साडेचारलाच सूर्य कलतो आणि पाच वाजता अंधार. आमच्याकडे त्या वेळेला शाळेची पोरं अजून मैदानावर असतात. म्हणून जोसेफने आम्हाला तीन वाजताच समुद्रावर नेलं.

मैत्री गाडीतून उतरली आणि उभी राहिली. पळाली नाही, ओरडली नाही. मग हळूहळू चालत गेली, लाट पायावर आली तशी माझा हात घट्ट धरला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मम्मी, हे येवढं पानी कोनाचं हाय?"

"कोनाचंच नाई. सगळ्यायचं."

तिने वाकून बोट बुडवलं आणि चाटलं. तोंड वाकडं केलं. "खारट हाय. पेता येत नाई तं येवढं कायले ठेवलं?"

विलास हसून हसून खाली बसला. सम्यक वाळू खात होता, त्याच्या तोंडातून ती काढता काढता मीही हसले. आमच्या चौघांचा एकच फोटो आहे ज्यात चौघंही हसतो आहोत, तो त्या दिवसाचा, जोसेफने काढलेला. तो मी अजून कोणाला पाठवलेला नाही.

जेवणात मासे आणि भात. नारळाचं दूध घातलेला रस्सा सम्यक वाटीभर प्यायला. मैत्रीने धापोडा मागितला. समुद्राकाठच्या हॉटेलात कळकट पिशवीतून धापोडा काढून दिला, तर वाढणाऱ्या मुलीने एक तुकडा चाखायला घेतला आणि ज्वारी म्हणजे काय ते विचारलं. विलासने तिला अर्धा तास शेती समजावली. त्या दिवशी मैत्री किती पाणी प्यायली ते वहीत आहे. सात पेले.

बोट

दुसऱ्या दिवशी हॅवलॉक बेटावर जायचं होतं. सरकारी बोट. जोसेफने आदल्या दिवशी सहज म्हटलं, "मैडम, समंदर थोड़ा खराब है. बच्चों को उल्टी होगा."

बाई, आता नीट वाचा. मी इथे चुकले.

माझं माहेर किन्हीराजा. लहानपणी अकोल्याला मावशीकडे जायचं म्हणजे मालेगावला गाडी बदलून मेडशी, पातूरचा घाट. त्या घाटात निम्मी एसटी ओकायची. जायच्या दिवशी आई सकाळपासून आम्हाला पाणी देत नसे. पोट रिकामं असलं की गाडी लागत नाही, हे एक कारण. दुसरं कारण ती बोलून दाखवत नसे. बसस्टँडवर बाईमाणसाने जावं अशी जागा नव्हती, आणि मध्ये गाडी थांबवा म्हणायची सोय नव्हती. म्हणून तीही प्यायची नाही. आजही मी शाळेत जायच्या गाडीत बसायचं असलं की सकाळी सातपासून पाणी तोडते. आमच्या शाळेतल्या सगळ्याच बाया तोडतात. याला आम्ही त्रास म्हणत नाही. प्रवास म्हणजे असाच, हे आमच्या अंगात मुरलं आहे.

आईची आणखी एक युक्ती होती. पाण्याची बाटली ती पिशवीच्या तळाशी, लुगड्याखाली दडवायची. दिसलं की मागतात, असं म्हणायची.

विमानात मी वहीप्रमाणे वागले, कारण विमान मला परकं होतं. तिथे मला माझं काहीच येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांचं ऐकलं. पण उल्टी हा शब्द कानावर पडला आणि मी एकदम किन्हीराजाच्या स्टँडवर उभी राहिले. पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा मी मोठी बाटली भरली आणि मोठ्या बॅगेत, तळाशी, टॉवेलांखाली घातली. विचार करून घातली नाही. हात आपोआप गेला.

धक्क्यावर कळलं की बोट उशिरा सुटणार. अर्धा तास म्हणता म्हणता चार तास गेले. पत्र्याच्या शेडमध्ये माणसांची दाटी, जागा मिळाली ती कडेला, उन्हात. घाम असा की सम्यकचं झबलं पिळून वाळत घालावं लागलं. विलास वरच्यावर चौकशीच्या खिडकीकडे जाऊन येई.

"मम्मी, पानी," मैत्री म्हणाली.

मी बॅगेत हात घालून, बाटली बाहेर न काढताच, झाकणात ओतून दिलं. झाकणभर.

"अजून."

"बोटीत बसाचं हाय ना बेटा. जास्त पेलं तं पोटात ढवळते. मंग ओकारी येते. आता थोडंच पेयाचं."

असं तिने तीनदा मागितलं आणि मी तीनदा झाकण दिलं. चौथ्यांदा तिने मागितलं नाही. मला वाटलं, गुणाचं लेकरू आहे, समजून घेते.

बोटीत आमच्या जागा फुटून आल्या. विलास सामान घेऊन खालच्या मजल्यावर, मी आणि मुलं वर. मैत्रीला खिडकी मिळाली. तिच्या शेजारी जाड चष्म्याची एक बंगाली आजी, मांडीवर वेताची टोपली. बोट बाहेरच्या पाण्यात आली आणि सम्यक ओकला. माझ्या अंगावर, बाकावर, पुढच्या माणसाच्या चपलेवर. मी आजींना खुणेने मैत्रीकडे पाहा म्हणाले आणि त्याला घेऊन मागे नळाकडे गेले. त्याला धुता पुसता वीसेक मिनिटं गेली. परत आले तेव्हा मैत्री फ्रॉकच्या बाहीने तोंड पुसत होती. मी घाबरून विचारलं, "ओकली काय?" तिने मान हलवली, नाही. आजी माझ्याकडे पाहून काहीतरी बोलल्या, नाराजीनं बोलल्या एवढं कळलं. शब्द कळले नाहीत. मला वाटलं लेकराला एकटं सोडून गेले म्हणून रागावल्या असतील.

मैत्रीला उलटी झाली नाही. विलासला मी अभिमानाने सांगितलं, पाहा, माझी युक्ती. युक्ती कोणती ते त्याने विचारलं नाही.

हॅवलॉक

पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. खोलीत गेल्या गेल्या मी बाटली काढून तिच्या हातात दिली आणि तिने ती निम्मी एका दमात संपवली. झालं, भरपाई झाली, असं मनात म्हटलं. शरीराचा हिशोब असा असता तर डॉक्टर कशाला लागले असते.

जेवली नाही. भूक नाही म्हणाली. पडायला सांगितलं तर डोळे उघडे ठेवून पडली. तीन वाजता राधानगरच्या किनाऱ्यावर गेलो. त्या किनाऱ्याबद्दल लोक जे लिहितात ते सगळं खरं आहे. पिठासारखी वाळू, मागे उंच झाडांची काळी भिंत, आणि पाणी नकाशातल्यासारखं निळं. विलास सम्यकला घेऊन लाटांत गेला. मैत्री वाळूवर बसून राहिली.

"जाय ना वं पान्यात. याच्यासाठीच तं आलो आपन."

"इथूनच पायतो."

"पाय दुखून राह्यले काय?"

"नाई."

तिने दोन्ही मांड्यांवर वाळू ओढून घेतली होती, कमरेपर्यंत. मी तिला बुजवण्यात मदत केली. खेळ समजून. गरम वाळूने तिला बरं वाटत होतं, हे मला नंतर कळलं. साडेचारच्या सुमाराला उठवायला गेले तर तिला उभं राहता येईना. तोंडातून आवाज नाही, नुसते ओठ दाबलेले आणि कपाळावर घाम. वाळू झटकली तेव्हा तिने पहिल्यांदा किंकाळी फोडली.

बेटावरचा सरकारी दवाखाना लहान होता, पण डॉक्टर होत्या आणि त्यांनी फाइल नीट वाचली. फाइलची झेरॉक्स पर्समध्ये होती. वहीतलं तेवढं कामाला आलं. लगेच सलाईन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला आणि ऑक्सिजनची नळी जोडली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पानी कितना पिया आज?"

विलास शेजारीच उभा होता, सम्यकला कडेवर घेऊन.

"बहुत," मी म्हणाले. "हर आधे घंटे में देती हूँ."

मैत्री पलंगावरून माझ्याकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. तिला बोलण्याइतका श्वासही नव्हता. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझं खोटं त्या कागदावर उतरलं आणि पुढे सगळीकडे आमच्यासोबत गेलं.

मी खोटं का बोलले, याचं उत्तर मी दीड महिना शोधते आहे. भीती होती, लाजही होती. मी मास्तरीण आहे, माझी वही आहे, चार महिन्यांची तयारी आहे. आणि विलास माझ्याकडे ज्या विश्वासाने पाहत होता तो मला त्या क्षणी मोडवेना. इतकंच आहे. याहून चांगलं कारण सापडलेलं नाही.

पुन्हा पोर्ट ब्लेअर

सकाळी पहिल्या बोटीने तिला परत आणलं, सलाईनची बाटली विलासने अडीच तास हाताने उंच धरून. या वेळी समुद्र शांत होता. मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला तर उजव्या फुफ्फुसात पांढरं दिसलं. डॉक्टर तरुण होते आणि आडपडदा न ठेवता बोलले. छातीत गेलं की या आजारात मुलं दगावतात. रक्त द्यावं लागेल.

आमचं दोघांचंही रक्त चालणार नव्हतं. आमच्या रक्तातून तिला जे मिळालं त्यानेच ती इथे पोहोचली होती. विलास व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. जोसेफला फोन मी केला. दुसरं कोणी ओळखीचंच नव्हतं त्या गावात. तो अर्ध्या तासात आला, आपल्या दोन चुलतभावांना घेऊन. तिघांचं तपासलं, जोसेफचं आणि एका भावाचं चाललं. रक्ताची पिशवी भरून झाल्यावर तो हात दुमडून बाकावर बसला आणि म्हणाला, "मैडम, आपने कुछ खाया?" मी नाही म्हणाले. तो बाहेर जाऊन इडल्या घेऊन आला. नुकतं रक्त दिलेल्या माणसाने आणलेल्या त्या इडल्या मी खाल्ल्या.

सहा दिवस आम्ही त्या दवाखान्यात होतो. बाकीच्या बेटांची, प्रवाळांची, काचेच्या तळाच्या होडीची वहीत चार पानं आहेत. त्यातलं काही पाहिलं नाही. मी जे पाहिलं ते एवढंच: खिडकीतून दिसणारी समुद्राची एक बारीक निळी पट्टी आणि नळीतून पडणारे थेंब. सम्यकला जोसेफची बायको रोज सकाळी घेऊन जायची आणि न्हाऊ माखू घालून संध्याकाळी आणून द्यायची. तो तिला मावशी म्हणायला लागला होता. घरी कोणाला कळवलं नाही. सासऱ्यांचा फोन आला की विलास सांगायचा, मजेत हाय बुवा, पोरगी पान्यातून बाहेर निंगत नाई.

तिसऱ्या दिवशी मैत्रीची धाप कमी व्हायला लागली. सहाव्या दिवशी नळी निघाली. तरुण डॉक्टर म्हणाले, छाती सुधारली, पण डाव्या खुब्याचं हाड पुरेसं रक्त न मिळून दुखावलं असावं, गावी गेल्यावर दाखवा. मग फाइल चाळत ते सहज म्हणाले, "आपने तो पानी भी ठीक दिया था. कभी कभी कारण नहीं मिलता. अपने को दोष मत दीजिए."

विलासने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं ओझं मी घरापर्यंत वाहिलं.

घर

मैत्री डाव्या पायाने लंगडते. शाळेत जाते, पण कवायतीला बसून राहते. अकोल्याच्या डॉक्टरांनी हाडाची तपासणी करायला बोलावलं होतं, म्हणून मागच्या सोमवारी आम्ही मंगरूळच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होतो. विलासच्या खांद्यावर सम्यक झोपला होता. गाडी फलाटावर लागताना मी बाटली उघडून मैत्रीसमोर धरली. हल्ली बाटली माझ्या हातातच असते, तळाशी नाही.

तिने मान फिरवली. "नको. गाडीत बसाचं हाय."

"पे बेटा. डॉक्टरनं सांगितलं ना."

"नको." मग ती इकडे तिकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, तुले एक सांगू? तू रागावशीन."

"नाई रागावत."

"बोटीत मी पानी पेली होती. त्या चष्म्यावाल्या आजीनं देल्लं. तू सम्यकले घेऊन गेली तवा. तू नाई म्हनली होती, तरी बी मी पेली. गिलासभर." तिचे डोळे भरले होते. "म्हनून झालं ना मले?"

दीड महिना. सुया, नळ्या, परक्या माणसाचं रक्त, लंगडा पाय, हे सगळं आपण चोरून प्यायलेल्या एका पेल्याची शिक्षा आहे असं समजून तिने भोगलं होतं. आणि मी पाणी दिलं असं डॉक्टरांना सांगत होते तेव्हा ती गप्प राहिली होती, कारण तिला वाटत होतं की मी तिलाच सांभाळून घेते आहे.

विलासने ऐकलं होतं. "कोनतं पानी?" त्याने विचारलं. "कविता, तू कायले नाई म्हनली होती?"

मी तिथेच, फलाटावर, गाडीत चढणाऱ्या माणसांच्या गर्दीत सांगितलं. बाटली कुठे होती ते. झाकणाने दिलं ते. डॉक्टरांपुढे बोललेलं खोटं. मैत्रीच्या समोर सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत, की त्या आजीनं दिलेलं पाणी तेवढं त्या दिवसात बरोबर झालं होतं, चूक तिची नव्हती, मम्मीची होती. विलास माझ्याकडे पाहत राहिला. मी रागाची वाट पाहत होते, तो राग अजून आलेला नाही, आणि आता मला त्याच्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटते.

कंडक्टरने घंटी मारली. विलासने माझ्या हातातून बाटली घेतली आणि मैत्रीच्या हातात दिली. "पे," तो म्हणाला. "सगळी पे. जिथं लागंल तिथं गाडी थांबवतो मी."

गाडी बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागली. मैत्री खिडकीशी बसली होती, बाटली दोन्ही हातांत धरून. तिने ती तोंडाजवळ नेली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान डोलावली तेव्हा एक घोट घेतला. मग पुन्हा थांबली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. अकोल्यापर्यंत ती अशीच प्यायली, प्रत्येक घोटाला मला विचारून.